मायक्रॉनच्या मागे लागून देशाचं काय भलं होतं?

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, वडिलांचे पूर्व भागात टॉवेलचे लूम. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं) घेऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड टाकायचा विचार आहे, आणि घरातून टोमणा ऐकू येतोय, ‘टॉवेल निदान परदेशात तरी जातो, तुझ्या बुश-पिना कोण विचारणार?’ त्यात तुमची स्वतःचीही शंका अशी, की देशाची औद्योगिक ताकद म्हणजे पोलाद किती, वीज किती, सिमेंट किती. सुटे भाग काय, चीनमधून स्वस्तात येतात. मग प्रत्येक प्रदर्शनात आणि भाषणात ‘प्रिसिजन’चा एवढा गजर कशाला?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. धंदा तुम्हाला झेपेल का, हा एक. त्याचं उत्तर बरंचसं तुमच्या भांडवलावर, गिऱ्हाइकावर आणि स्वभावावर आहे, ते शेवटी बघू. दुसरा देशाचा. मी अर्थशास्त्री नाही; ग्राइंडिंग आणि तपासणी यांतच उमेदीची वर्षं गेलेला माणूस आहे. त्यामुळे मशीनवर उभं राहून जेवढं दिसतं, तेवढंच सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. प्रिसिजन म्हणजे ‘लई बारीक माप’ नव्हे. एक नग मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, बसवणारा जुना टर्नर आपल्याकडे गल्लोगल्ली सापडेल. खरी अडचण दहा हजाराव्या नगाची आहे. तो दुसऱ्या शिफ्टच्या पोराने, दुसऱ्या लॉटच्या मटेरियलवर, झिजत आलेल्या इन्सर्टने (कापणाऱ्या टोकाने) काढलेला असतो, आणि तरीही तो पुण्यात किंवा जर्मनीत कुणाच्याही हाताने, कानस न लावता जागेवर बसला पाहिजे. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण सोडवल्या, सगळे भाग एकात मिसळले, त्यातून परत तीन गाड्या जोडल्या आणि ५०० मैल पळवल्या. त्या काळी युरोपातल्या उंची गाड्यांना असं जमत नव्हतं, कारण तिथला प्रत्येक भाग त्याच्या शेजाऱ्यापुरता घासून बसवलेला असे. गाडी सुंदर, पण भाग मोडला की परत त्याच फिटरच्या दारात.

आता साधा हिशोब. एका पंपात ३० भाग आहेत आणि प्रत्येक भाग १०० पैकी ९९ वेळा बरोबर निघतो. ऐकायला छान वाटतं. पण तीसच्या तीस भाग बरोबर असलेले पंप किती? ०.९९ चा तिसावा घात काढा: साधारण ७४ टक्के. दर चौथा पंप कुठेतरी गळणार, तापणार नाही तर आवाज करणार. भाग १०० झाले तर हाच आकडा ३७ टक्क्यांवर येतो. म्हणून मोठ्या कंपन्या सप्लायरकडे टक्क्यांत बोलतच नाहीत, दहा लाखांत किती खराब हे विचारतात. आणि म्हणूनच पोलादाच्या टनांवरून ताकद मोजणं अर्धवट आहे. टन असूनही त्याचं चालणारं यंत्र होण्यासाठी शेकडो छोट्या शेडमधल्या माणसांना एकाच वेळी, एकमेकांना न भेटता बरोबर असावं लागतं.

हे जुनंच आहे. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ चं. पण सिलिंडर गोल निघत नव्हता, पिस्टनच्या बाजूने वाफ पळायची. जॉन विल्किन्सनने सिलिंडर बोअर करायचं, म्हणजे आतून गोल कोरायचं, नवं मशीन केलं आणि १७७६ मध्ये इंजिनं कामाला लागली. बुद्धी वॉटची होती हे खरं, पण इतकी वर्षं ती एका बोअरपाशी अडून बसली होती. तेव्हापासून क्रम बदललेला नाही: आधी अचूक मशीन, मग अचूक भाग, त्या भागांतून त्याहून चांगलं मशीन. मशीनचा फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे स्पिंडल, जितका गोल फिरतो त्याहून गोल जॉब (कापायचा भाग) त्यावर सहसा निघत नाही. हा जिना ज्या देशाने चढलाय त्याला उद्या काय बनवायचं ते ठरवता येतं. बाकीच्यांनी कॅटलॉगमधून निवडायचं.

आपल्या सोलापूरपुरतं बघा. जुनी मिल १८७७ ची. त्या काळच्या आपल्या गिरण्यांची यंत्रं विलायतेतून यायची. आज वडिलांच्या शेडमध्ये रेपिअर (बिनधोट्याचे वेगवान लूम) असतील तर त्यांच्या प्लेटवरचा देश वाचून बघा. कापड विणण्यात आपण कधीच कमी नव्हतो, पण विणणारं यंत्र बहुतेक वेळा दुसऱ्याचं. वालचंद हिराचंद याच सोलापुरात १८८२ साली जन्मले. त्यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजांची गोदी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स. धाडस अफाट. पण सुरुवातीची मोटार परदेशी सुट्या भागांची जुळणी होती, आणि ते भाग इथे बनायला पुढे कित्येक वर्षं गेली. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९५३ मध्ये, सरकारने स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉनच्या मदतीने बंगळूरला एचएमटी (हिंदुस्थान मशीन टूल्स) काढली ती याच कारणाने: लेथ आपले हवेत. पुढे एचएमटी तोट्यात गेली, तो वेगळा विषय. पहिला विचार चुकीचा नव्हता.

आता थोडं शॉपफ्लोअरवर या, कारण ‘अचूकता’ हा शब्द हवेत ठेवला की सगळे मान डोलावतात आणि पुढे काही होत नाही.

मे महिना घ्या. बाहेर ४३ अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप २० अंश सेल्सिअसला धरलेलं असतं, हे जगभर ठरलेलं आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. म्हणजे ५० मिलिमीटरचा शाफ्ट ४० अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन मोठा दिसतो. आणि त्या व्यासाला एच-सिक्स वर्गाचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, सगळा मिळून १६ मायक्रॉन! ‘मग मायक्रोमीटर पण पोलादाचाच, तो पण तापला की, हिशोब मिटला,’ असं ऑपरेटर म्हणतो, आणि त्याचं अर्धं बरोबर असतं. दोघं एकाच तापमानाला असतील तर मिटतो. पण जॉब ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला, कोमट. मायक्रोमीटर टेबलावरचा, किंवा उलट, सकाळपासून हातात धरून धरून तापलेला. दोघांत दहा अंशांचा फरक पडला तरी पावणेसहा मायक्रॉन कुठे गेले कळत नाही. ॲल्युमिनियमचं हाउसिंग असेल तर त्याहून पंचाईत, कारण ते पोलादाच्या दुप्पट वाढतं. १०० मिलिमीटरचा बोअर ४० अंशाला पोलादी गेजने मोजलात तर सगळं एकाच तापमानाला असूनही २३ मायक्रॉन खोटं माप मिळतं. एच-सेव्हनची पूर्ण मुभा ३५ आहे. इथे ओके झालेला लॉट पुण्याच्या एसी खोलीत नापास होतो तो असा. मग फोनवर भांडण. दोघांचे गेज बरोबर, दोघं प्रामाणिक, आणि माल परत.

उपाय अवघड नाहीत, कंटाळवाणे आहेत. जॉब आणि मास्टर (खात्रीच्या मापाचा नमुना) दोन्ही ग्रॅनाइटच्या सपाट फरशीवर शेजारी शेजारी पुरेसा वेळ ठेवायचे. गेज मास्टरवर परत परत झीरो करायचा. सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन रिकामं फिरवून स्पिंडल गरम करून घ्यायचा, नाहीतर सुट्टीनंतरचे पहिले नग हमखास बाजूला सरकतात. हे रोज, कुणी बघत नसताना करणारा सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) म्हणजेच तुमची प्रिसिजन. मशीन कर्जावर मिळतं. हा सेटर मिळत नाही, आणि तयार झाला की चाकणला जातो. सोलापूरचं खरं दुखणं हे आहे, असं माझं मत.

त्या सेटरच्या मागे आणखी लांब साखळी असते. तुमचा गेज लॅबच्या स्लिप गेजशी (अचूक मापाच्या ठोकळ्यांशी) जुळलेला, लॅब एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची), तिचा मास्टर पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाणारा, आणि तिथे मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरलेला. दुसऱ्या बाजूला मटेरियल. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे चिल्ड कास्ट आयर्नचा कॅमशाफ्ट, कसा होतो बघा. साच्यात लोबच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्याच्या) जागी चिल, म्हणजे लोखंडाचा थंड तुकडा, ठेवतात. वितळलेला रस त्याला लागला की झपाट्याने थंड होतो आणि तेवढाच थर पांढरा, कडक बनतो. आतला दांडा मात्र ग्रे, म्हणजे मऊ, मशीनिंगला सोपा. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतं तेव्हा कॅमशाफ्ट ३,००० घेतो, म्हणजे प्रत्येक लोब सेकंदाला ५० वेळा व्हॉल्व्ह उघडतो. चिलचा थर कमी-जास्त झाला तर ग्राइंडरवरचा मायक्रॉन काय कामाचा? आपल्या चिंचोळीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे शाफ्ट बनतात आणि देशाबाहेरच्या गाड्यांत बसतात, किर्लोस्कर फेरसची फाउंड्रीही सोलापुरात आहे. तेव्हा ‘आपल्याकडे होत नाही’ हे तरी कुणी म्हणू नये. फाउंड्री, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, कॅलिब्रेशन, सगळं एका दिवसाच्या टेम्पोच्या अंतरात असणं, हीच ताकद. ती आकडेवारीत दिसत नाही, आणि तुटली की चटकन परत जोडता येत नाही.

‘विकत का नाही घ्यायचं’ याचं उत्तर खरं तर युद्धांनी दिलंय. १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावावर दोन मोठे हल्ले केले, १७ ऑगस्टला आणि १४ ऑक्टोबरला. गावात ना राजवाडा ना सेनापती. बॉल बेअरिंगचे कारखाने होते. दुसऱ्या हल्ल्यात अमेरिकेची ६० बॉम्बर विमानं पडली, तरी त्यांना हा सौदा विचार करण्यासारखा वाटला होता. जर्मनी कोसळला नाही हेही सांगायला हवं. साठा होता, कारखाने विखुरले, स्वीडनकडून माल येत राहिला. पण बेअरिंग हे देशाचं वर्मस्थान आहे हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

शांततेच्या काळातही तेच. १९८७ मध्ये उघड झालं, की जपानच्या तोशिबा मशीनने बंदी असताना सोव्हिएत रशियाला पाणबुडीच्या पंख्याची पाती कापणारी अनेक अक्षांची मिलिंग मशीनं विकली होती, नॉर्वेच्या कोंग्सबर्गच्या कंट्रोलरसह (मशीन चालवणाऱ्या संगणकासह). पातं नीट कापलं की पाणबुडीचा आवाज कमी येतो, आवाज कमी की ती सापडत नाही. अमेरिकेत एवढा संताप झाला की तिथल्या खासदारांनी संसदेच्या आवारात तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. आजही ठरावीक अचूकतेच्या वरची मशीनं कुणाला विकायची यावर वासेनार करारातले देश नियंत्रण ठेवतात. २०१७ पासून त्यात आपणही आहोत. म्हणजे मायक्रॉन ही विकत मिळणारी वस्तू आहे, पण विकणाऱ्याचा मूड चांगला असेपर्यंत. आपल्याकडे राजकोट-बंगळूरला उत्तम सीएनसी बनतात, अभिमानाची गोष्ट आहे. पण दार उघडून आत बघा, कंट्रोलर बहुतेक फानुक, सीमेन्स नाही तर मित्सुबिशी, आणि बॉलस्क्रूवरही बऱ्याचदा परदेशी शिक्का.

म्हणून सगळंच इथे बनवावं का? नाही. गेटची बिजागरी, नांगराचा फाळ, बांधकामाचा बोल्ट यांना सूत-दोन सूत चालतं. तिथे मायक्रॉन मागणारा इंजिनीअर कंपनी बुडवतो. फुकटची टॉलरन्स घट्ट करणं हा आपल्याकडच्या ड्रॉइंगचा मोठा रोग आहे. जुन्या ड्रॉइंगवरून कॉपी करायची आणि भीतीपोटी एक शून्य वाढवायचं. देशालाही तेच लागू. कुठलाच देश सगळं बनवत नाही. प्रश्न एवढाच, की जो भाग अडला तर मोठं काही अडतं तो आपल्या हातात आहे का. चीन वर्षाला अब्जावधी बॉलपेन बनवत होता आणि टोकाचं पोलाद बाहेरून आणत होता. तिथल्या पंतप्रधानांनी जाहीर खंत व्यक्त केल्यावर २०१७ मध्ये तैयुआनच्या पोलाद कंपनीने ते जमल्याचं जाहीर केलं. पेनापायी देश बुडत नव्हता. पण पेनाच्या टोकाला जे लागतं तेच डिझेलच्या नोझलला लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स (गाड्यांच्या धुराचा कडक नियम) आलं तेव्हा सगळ्यांनी धुराची चर्चा केली. डिझेलचा तो धूर कमी होण्यात मोठा वाटा २,००० बारच्या आसपास दाब झेलणाऱ्या इंजेक्शनचाही असतो, जिथे प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. हवा स्वच्छ करायचा कायदा दिल्लीत झाला, तो पाळायची कुवत नाशिकसारख्या गावांतल्या नोझलच्या लाइनवर होती.

तुम्ही इलेक्ट्रिक गाड्यांचं विचारलंय, ‘कॅमशाफ्टच गेला तर?’ बरोबर, त्या गाडीत कॅमशाफ्ट नसतो. त्या भागाची मागणी आज ना उद्या घटेल, हे डोळ्यांआड करू नका. पण इंजिनाचा आवाज गेला की गिअरचा कुई-कुई आवाज थेट ड्रायव्हरच्या कानात येतो, आणि मोटर इंजिनापेक्षा कितीतरी जोरात फिरते. म्हणजे गिअरचा दात आणि शाफ्टचा बॅलन्स पूर्वीपेक्षा जास्त कडक. भाग बदलेल, मोजायची आणि ग्राइंड करायची विद्या कामाला येईल. एकाच भागाला आणि एकाच गिऱ्हाइकाला बांधलेली शेड मात्र मरेल.

आता तुमची शेड. भांडवल किती, कर्ज किती, हे मला ठाऊक नाही, त्यामुळे ‘घ्या’ किंवा ‘नका घेऊ’ असं सांगणार नाही. मात्र घेणारच असाल तर दोन व्हीएमसीऐवजी एकच घ्या, आणि उरलेल्या पैशांत दहा बाय दहाची एसी तपासणी खोली, ग्रॅनाइट सरफेस प्लेट, कॅलिब्रेट केलेला स्लिप गेजचा संच आणि चांगली बोअर गेज. बँकेचा माणूस नाक मुरडेल, त्याला खोली तारण म्हणून दिसत नाही. सेटर स्वतः तयार करा. आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट घ्या, संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी त्याला पाठवता आलं तर पाठवा, आणि तो पुण्याला जाणार नाही एवढा पगार द्या. नुसत्या तासाच्या दरावर जॉबवर्क करत बसलात तर शेजारचा पाच रुपये कमी करेल, मग तुम्ही सहा.

पहिलं गिऱ्हाईक घरातच आहे, ते सोडू नका. रेपिअर लूमचे जे भाग वरचेवर झिजतात आणि बाहेरून महाग येतात, त्यांतला एक निवडा. इथे सगळ्यांचा पाय घसरतो: जुना भाग व्हर्निअरने मोजायचा आणि तसाच काढायचा. नमुन्यात माप दिसतं, टॉलरन्स दिसत नाही. शिवाय झिजलेल्या भागाचं माप हे मूळ माप नसतंच. म्हणून एक नवा कोरा नग आणि वेगवेगळ्या लूमवरून उतरलेले चार-पाच जुने नग एकत्र ठेवा. कुठे झीज आहे आणि कुठे मूळ ग्राइंडिंगच्या खुणा शाबूत आहेत ते भिंगाखाली बघा. शाबूत आहे ती जागा नुसती बसते किंवा टेकते, झिजलेली चालते. हार्डनेस चालणाऱ्या जागेला द्या, घट्ट टॉलरन्स चालणाऱ्या आणि मुळात ग्राइंड केलेल्या बसणाऱ्या अशा दोन्ही जागांना, बाकी सैल सोडा, नग स्वस्त पडेल. हार्डनेस तपासून घ्या, जमल्यास एक नवा नग कापून केस डेप्थ (वरच्या कडक थराची जाडी) बघा. मग वडिलांच्याच दोन लूमवर तुमचे नग आणि दोनवर मूळ कंपनीचे लावा, सूत तेच, वेग तोच, आणि कुठले जास्त टिकतात ते बघा. आणि बाहेरची पहिली ऑर्डर येईल तेव्हा दर ठरायच्या आधी गिऱ्हाइकाच्या तपासणी विभागाला एक गोष्ट मागा: तेच पाच नग, नंबर पाडून, आधी तुमच्याकडे आणि मग त्यांच्याकडे मोजायचे, दोन्ही आकडे एका कागदावर. हे काम मेमध्ये करा, डिसेंबरमध्ये नको.